न घेतलेल्या वस्तूंचे पैसे

आमचे हे एकदा बुटांच्या दुकानासमोर पाऊण तास उभे राहिले. आत गेले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही, नुसते काचेतून एका तपकिरी जोडाकडे आणि त्याच्या किमतीच्या चिठ्ठीकडे बघत राहिले. मग घरी आले, दारातच माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "सातशे दे."

"कशाचे?"

"बूट घ्यायचे होते, नाही घेतले. म्हणजे सातशे वाचले की नाही? मग वाचलेले डब्यात टाकायला नकोत?"

ते सातशे माझ्या घरखर्चाच्या पाकिटातून गेले. त्या आठवड्यात भाजीला तेल दाखवण्यापुरतं होतं, आणि ह्यांच्या पायात तेच टाचेशी फाटलेले जुने बूट होते. दुकानातला जोड दुकानात राहिला, आमचे पाय होते तसेच राहिले आणि मी मात्र सातशेला बुडाले. ह्याला आमच्याकडे बचत म्हणतात.

हा ह्यांचा स्वतःचा शोध. जी वस्तू घ्यावीशी वाटली आणि घेतली नाही, तिचे पैसे त्याच दिवशी, बूट काढायच्या आधी, डब्यात टाकायचे. बस न धरता चालत आलं की भाडं डब्यात. पेपर विकत न घेता न्हाव्याकडे बसून फुकट वाचला की पेपरचे पैसे डब्यात. इथवर मीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू? पण मग ह्यांना चटक लागली. हे मुद्दाम वस्तू हव्याशा करून घ्यायला लागले. ज्या माणसानं जन्मात डोक्यावर टोपी चढवली नाही, त्याला एकाच महिन्यात तीन टोप्या घ्याव्याशा वाटल्या. तिन्ही घेतल्या नाहीत, आणि तिन्हींचे पैसे मी भरले.

आमची मुलगी ह्याच घरात वाढली. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा दिवा घालवायचा राहिला, तर तिला त्याचे सुटे पैसे तिच्या खाऊच्या पैशांतून डब्यात टाकावे लागत. आता ती तिच्या सासरी भर दुपारी सगळे दिवे लावून बसते. जावई बिचारे काही बोलत नाहीत.

बाहेर मात्र ह्यांचा मोठा मान. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानोदुकानी फिरायचं, काट्याची पारडी उतरवायची, गंज घासायचा, वजनं तपासायची. पाच ग्रॅमचा फरक ह्यांना नुसत्या तळहातावर कळतो. दुकानदारांशी बोलताबोलता हे बचतीचं पुराण लावायचे, आणि ती माणसं मग रविवारी आमच्या घरी यायची. कोपऱ्यावरचा चावीवाला तर वही घेऊन यायचा. ह्यांना सगळे 'गल्लाकाका' म्हणतात, आणि ह्यांना ते आवडतं. मी आतून पाण्याचे पेले आणून ठेवायचे. चहा नाही, कारण न केलेल्या चहाचे पैसे पाहुण्यांसमोर डब्यात टाकून दाखवायचे असत. चावीवाला ते बघून मान डोलवायचा. मला त्या मानेला एक टपली मारावीशी वाटायची.

डबा भरला की पैसे बँकेत, मुदत ठेवीत. तिथेही ह्यांचा नियम होताच. ठेव दोघांच्या नावावर, आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय दमडी हलायची नाही. "म्हणजे एकाला मोह झाला तरी दुसरा आडवा येतो," असं हे रविवारच्या मंडळींना सांगायचे. सव्वीस वर्षांत मोह एकालाच व्हायचा आणि आडवं एकच जण यायचं. कोण ते मी सांगायला नको.

मी धुलाईच्या कारखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे येतात. भिजवणं, धुणं, पिळणं हे मशिनवर होतं. मग चादर गरम रोळांतून कडक होऊन बाहेर येते आणि आमच्या टेबलावर पडते. टेबलाच्या वर पांढरे दिवे आहेत. चादर पसरायची, डाग बघायचा, उसवलेलं बघायचं, ठीक असेल तर दोघींनी दोन टोकं धरून घडी घालायची. डाग असेल तर परत धुण्यात. अठरा वर्षं मी त्या टेबलावर आहे. चहाचा डाग, गंजाचा डाग, लिपस्टिकचा डाग, मला नुसत्या कडेवरून कळायचा. माझी नजर एवढी की मुकादमबाई नव्या पोरींना माझ्या शेजारी उभं करून शिकवायची.

गेल्या वर्षी चादरी धुरकट दिसायला लागल्या. आधी मला वाटलं दिवे मंद झालेत. दिवे पुसायला लावले, तरी तेच. मग वाटलं साबण बदललाय. शेवटी हॉटेलातून परत आलेल्या गठ्ठ्यात माझ्या हातच्या सात डागाळलेल्या चादरी निघाल्या आणि मुकादमबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा थांबेल, पण उजवा पिकलाय, दोनेक महिन्यांत काढून घ्या. जास्त थांबलात तर अवघड होत जाईल. खर्च चाळीस हजार.

मला धक्का बसला तो खर्चाचा नाही. चाळीस हजार आमच्याकडे होते! बरोब्बर चाळीस हजारांची एक ठेव होती. मी घरी आले ती जवळजवळ पळतच. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या डब्यांचं, त्या फाटक्या बुटांचं, त्या तीन टोप्यांचं कौतुक वाटलं. म्हटलं, माणूस विक्षिप्त असेल, पण बघा, वेळेला उभा राहिला.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला पाणी दिलं. खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ठेव तीन महिन्यांनी पिकते. आत्ता मोडली तर सातशे बुडतील. तीन महिने काय, असे जातील."

मी थांबले. त्या तीन महिन्यांत माझ्या हातून बत्तीस डागाळलेल्या चादरी निसटल्या. एका चादरीला पस्तीस कापतात. अकराशे वीस माझ्या पगारातून गेले, सातशे वाचवायला. मी हे ह्यांना कागदावर मांडून दाखवलं. हे म्हणाले, "ते तुझ्या पगारातलं आहे. हे ठेवीतलं आहे. दोन्हीची सरमिसळ करायची नसते." मी कपाळावर हात मारून घेतला.

तीन महिने झाले. ठेव पिकली. तेव्हा ह्यांनी नवी गोष्ट काढली. अजून सहा महिने ठेवू, वरच्या व्याजात चांगल्यातलं भिंग बसवता येईल, डोळा काही रोज रोज करायची गोष्ट नाही. इतकं गोड बोलले की मी सही केली. माझी चूक ती माझीच. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. चांगलं भिंग म्हटल्यावर मलाही हाव सुटली, आणि मनात असंही आलं की हा माणूस माझ्यासाठी चांगलं तेच बघतोय.

ते सहा महिने मी कसे काढले ते माझ्या जोडीदारणीला विचारा. तिला आम्ही लंबू म्हणतो, कारण ती माझ्याहून हातभर उंच आहे आणि आमची घडी नेहमी तिच्याकडून वर असते. लंबूनं एक युक्ती काढली. चादर दोघींच्या हातात असताना तिला डाग दिसला की ती तिच्या टोकाला हलकेच झटका द्यायची. एक झटका म्हणजे डाग मधे, दोन म्हणजे माझ्या बाजूला. मी लगेच चादर बाजूला टाकायचे, जसा काही डाग मलाच दिसला. मुकादमबाईला महिनोन् महिने पत्ता लागला नाही. परक्या बाईनं माझी नोकरी दोन बोटांवर तोलून धरली होती, आणि घरचा माणूस व्याज मोजत होता.

पण लंबूला एक आठवडा ताप आला. तिच्या जागी एक नवी पोरगी दिली. त्याच आठवड्यात एका हॉटेलातून गठ्ठा परत आला, आणि वरच्याच चादरीवर तळहाताएवढा तपकिरी डाग. आंधळ्यालाही दिसला असता असं कुणीतरी म्हणालं. मुकादमबाईनं ती चादर माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगली. दिवसभर टांगलेली होती. मला ती नुसती पांढरी दिसत होती, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. संध्याकाळी मुकादमबाई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला माहितेय. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत डोळ्याचं करा. नाहीतर मला तुम्हाला काढावं लागेल, आणि भिजवण्याच्या हौदाशी मी तुम्हाला पाठवणार नाही. तिथं घसरून पडाल."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, सोमवारी ठेव पिकतेच आहे. सोमवारी जाऊ." त्या रात्री मी शांत झोपले.

सोमवारी लंबूनं मला बँकेच्या दारापर्यंत सोडलं. ती बरी होऊन कामावर यायला लागली होती आणि तिची दुपारपाळी होती. जाताना म्हणाली, "ताई, सही करायच्या आधी वाचून घ्या हं."

"मला काय वाचता येतंय?"

"मग वाचून दाखवायला सांगा. त्यात कसली लाज?"

बँकेत गर्दी होती, आणि हे कामावरून परस्पर येऊन रांगेत उभे होते. रांगेत चावीवालाही होता. "काय काका, नवीन ठेव का?" त्यानं विचारलं, आणि हे नुसतेच हसले. ह्यांनी अर्ज आधीच भरून आणला होता. आमचा नंबर आल्यावर तो खिडकीच्या फळीवर ठेवला, स्वतःची सही केली, आणि माझ्या हातात पेन देऊन तर्जनी कागदावर टेकवली. "इथं कर." मला कागदावर करडे पट्टे दिसत होते, बाकी काही नाही. ह्यांचं बोट मात्र स्पष्ट दिसत होतं.

मी पेन टेकवलंही होतं. मग मला लंबूचं बोलणं आठवलं. खिडकीत चष्मेवाली पोरगी होती. मी म्हटलं, "बाळ, ह्यावर काय लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाचतेस का? मला दिसत नाही."

हे म्हणाले, "कशाला त्यांचा वेळ घेतेस? मागे लोक आहेत."

पोरगीनं वाचलं. "ठेवीचे नूतनीकरण. मूळ रक्कम व्याजासकट पुन्हा गुंतवणे. मुदत एक वर्ष."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांच्याकडे वळले. चेहरा धड दिसत नव्हता, पण गरज नव्हती. सव्वीस वर्षांत तो चेहरा मला पाठ झाला होता.

"एक वर्ष?" मी म्हटलं.

"हळू बोल. अगं, ऐक तरी. एका वर्षात दुसऱ्या डोळ्याचेही पैसे जमायला लागतील. दोन्ही एकदम केले तर दवाखाना सूट देतो, मी चौकशी केलीय."

"तुम्ही मला दिसत नाही म्हणून फसवलंत."

"फसवलं काय? पैसे तुझ्याच डोळ्याचे आहेत ना? तुझ्याच नावानं ठेवतोय ना? कमी का होतायत, वाढतायत!"

आणि मला एकदम कळलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. ह्यांना खरंच तसं वाटत होतं. बूट घेतले नाहीत, टोप्या घेतल्या नाहीत, पेपर घेतला नाही. आता हाताशी एक सगळ्यांत महाग वस्तू लागली होती, आणि ती न घेण्याची मजा ह्यांना सोडवत नव्हती. माझा डोळा ही ह्यांची न घेतलेली सगळ्यांत मोठी वस्तू होती.

मागे रांगेत चावीवाल्याची वही त्याच्या काखेत होती, पण तो काही लिहून घेत नव्हता.

"काकू," खिडकीतली पोरगी म्हणाली, "काय करायचं? पैसे काढायचे असतील तर दोघांच्या सह्या लागतील. ठेवायचे असतील तरी दोघांच्या."

"आणि मी सहीच केली नाही तर?"

"तर पैसे तसेच पडून राहतील. ठेवीची मुदत आज संपलीय."

"व्याज?"

"व्याज नाही मिळणार. सह्या होईपर्यंत एका दिवसाचंही नाही."

ह्यांचा श्वास अडकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पेन फळीवर ठेवलं. म्हटलं, "मग राहू देत पडून." आणि चाचपडत, पण ताठ मानेनं, बाहेर आले.

मंगळवारी हे माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी रुसलेय आणि रुसवा निघून जाईल. मी स्वयंपाक केला, कामाला गेले, परत आले, झोपले. रुसायला मला वेळ नव्हता.

बुधवारी सकाळी हे पाटावर बसून, मांडीवर कागद घेऊन आकडे मांडत होते. "दिवसाला आठ बुडतायत," स्वतःशीच म्हणाले. मग मला, "अगं, निम्मे काढू. वीस हजार आत्ता देऊ, वीस ठेवू. दवाखाना हप्ते देतो." मी चुलीवरचं उकळतं पाणी भांड्यात ओतत होते आणि भांड्याची कड मला जिथं वाटली तिथं ती नव्हती. पाणी माझ्या डाव्या हातावर गेलं. मी किंचाळले. हे धावत आले. खोटं सांगत नाही, खरंच धावत आले. माझा हात नळाखाली धरला, कपाटातून मलम आणलं, फुंकर घालत घालत हळुवार लावलं. इतक्या वर्षांत इतकं हळुवार मला कुणी हात लावला नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आता हे बोलणार. आता हा माणूस म्हणणार की चल, सही करतो.

मलमाचं झाकण लावता लावता हे म्हणाले, "आज सोळा झाले बघ."

मी हात काढून घेतला. मला तेव्हा राग आला नाही. किळस आली. ज्या माणसाला भाजलेला हात हातात असताना बँकेतले सोळा आठवतात, त्याच्यावर रागवायचं तरी कुठून सुरू करायचं? मी फडकं गुंडाळलं आणि कामाला गेले. लंबूनं त्या दिवशी एकटीनं घड्या घातल्या आणि मला नुसतं समोर उभं केलं.

संध्याकाळी ह्यांनी मुलीला फोन लावला, मला समजावायला. मुलीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाबा, आईचा हात कसा आहे?" ह्यांनी "बराय" म्हणून फोन ठेवून दिला. जेवले नाहीत. पहिल्यांदाच न जेवल्याचे पैसे डब्यात टाकायचे विसरले.

गुरुवारी सकाळी मी उठले तर हे बूट घालून दारात उभे. अगदी जवळ गेले तेव्हा दिसलं, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. "चल," म्हणाले. "काढून टाकू. आज चोवीस होतील. हे असं पैसे पडलेले बघवत नाही मला."

बँकेत तीच पोरगी होती. तिनं दुसरा अर्ज दिला आणि न सांगता मोठ्यानं वाचून दाखवला. आधी ह्यांनी सही केली, पेन हातातून सुटेना अशी सावकाश. मग मी केली. पोरगीनं नोटा मोजून पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या भाजल्या हाताकडे नाही, दुसऱ्या हाताकडे सरकवलं. मी ते माझ्या पिशवीत घातलं आणि पिशवी काखेत धरली.

पायऱ्या उतरताना ह्यांनी माझा दंड धरला. पायरी दिसत नाही म्हणून. आवाजात जुनी फुशारकी परत आली होती. "बघ," म्हणाले, "शेवटी काढलेच ना तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "माझा डोळा नऊ महिने जात होता, ते तुम्हाला बघवलं. चोवीससाठी काढलेत."

मी त्यांचा हात सोडवला आणि कठड्याला धरून खाली उतरले. ऑपरेशन शनिवारी आहे. सोबत लंबू येणार आहे.